कुर्ल्याचं गॅरेज, मलिंगारची शेड

आजच्या भागात गाणी थोडी कमी आणि लोखंड थोडं जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गाड्यांचं काही वाटत नाही त्यांनी चहा टाकून या. पण परत या, कारण ही गोष्ट निम्मी मलिंगारची आणि निम्मी कुर्ल्याची आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सध्या असंच काहीतरी चाललेलं असणार.

आमच्या परसातल्या शेडमध्ये गेल्या दीड वर्षापासून एक टोयोटा स्टारलेट उभी आहे. १९८२ ची. कॅसलपोलार्डच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गवताच्या गासड्यांखाली होती. नंबर प्लेटवर ‘एलआय’ ही अक्षरं आहेत. १९८७ पूर्वी वेस्टमीथ काउंटीची हीच खूण होती. आता आपल्या गाड्यांवर ‘डब्ल्यूएच’ असतं. म्हणजे ही गाडी आमच्यापेक्षा कितीतरी जुनी मलिंगारकर. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ती स्वतःच्या साठवलेल्या पैशांनी घेतली. तिचं ९९३ सीसीचं इंजिन त्याने काढून ठेवलं आहे आणि त्या जागी दुसऱ्या टोयोटाचं १५८७ सीसीचं इंजिन बसवायचं चाललं आहे. ताकद अडीच पटीहून जास्त. गाडीचं वजन मात्र एखाद्या मोठ्या म्हशीपेक्षा फार नाही, असं माझे बाबा म्हणतात. बाबांच्या म्हशी जरा मोठ्या असतात, तेवढं समजून घ्या.

बाबा आधी कुर्ल्याला होते, आता बदलापूरला. चाळीस वर्षं मिस्त्री. आमचं घर गॅरेजच्या वर होतं, त्यामुळे ऑइलचा वास मला अजूनही घरासारखा वाटतो. मुलाने गाडी आणली तेव्हा मी घाबरून बाबांना फोन केला. वाटलं होतं, ते नातवाला दटावतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मागच्या चाकांवर चालते ना?” मग दोघांचं सुरू झालं, आणि मी मधल्यामध्ये दुभाषी झाले. कारण नातवाला ‘चेंबर’ म्हणजे काय ते कळेना, आणि आजोबांना ‘संप’ म्हटलं की आपल्या घरातली पाण्याची टाकी आठवे. दोन्ही एकच. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं.

तर आज तो इतिहास. जपानी गाड्या या हिरव्या बेटावर इतक्या लाडक्या का झाल्या, आणि एका गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन ही गोष्ट कुर्ल्याच्या माणसाला इतकी घरगुती का वाटते.

सुरुवात आयर्लंडपासून. १९३२ मध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि नव्या देशाने आपल्या बाजाराभोवती कुंपण घातलं. तयार गाडी बाहेरून आणायची तर भरमसाठ जकात. सुटे भाग खोक्यांत भरून आणा आणि इथे जुळवा, मग सवलत. त्यामुळे डब्लिनात आणि इतरत्र गाड्या जुळवणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. कॉर्कला फोर्डचा कारखाना त्याआधीच होता, १९१७ पासून. हेन्री फोर्डचे वडील कॉर्क काउंटीतल्या बॅलिनास्कार्थीचे. दुष्काळाच्या काळात, १८४७ मध्ये, अमेरिकेला गेले होते. १९५० मध्ये स्टीफन ओ’फ्लाहर्टी यांनी डब्लिनात फोक्सवॅगन बीटल जुळवायला घेतली, आणि जर्मनीबाहेर जुळवलेली पहिली बीटल आयरिश ठरली. इथले लोक हे अजून कौतुकाने सांगतात, आणि सांगावंच.

आता आपल्याकडे बघा. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्येच गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ, पुढे इटलीची फियाट. १९५३ मध्ये भारत सरकारने ठरवलं की नुसतं जुळवणं चालणार नाही, इथे बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. राहिले ते मोजके, आणि त्यांच्याभोवतीही तेच कुंपण.

दोन गरीब, नुकते स्वतंत्र झालेले देश, दोघांच्याही डोक्यावर एकाच साहेबाची आठवण, आणि दोघांनी उचललेली पावलं जवळजवळ सारखी. फरक पुढे पडला. आयर्लंड १९७३ मध्ये युरोपीय समूहात गेलं आणि कुंपण हळूहळू काढायचं कबूल केलं. फोर्डचा कॉर्कचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला, आणि जुळवणीचा धंदा त्याच सुमारास संपला. आपलं कुंपण मात्र राहिलं. त्या कुंपणाने आपल्याला दिली पद्मिनी, आणि दिले पद्मिनी चालती ठेवणारे लोक. माझ्या मते त्या काळाचं खरं उत्पादन हेच लोक होते. गाडी दुय्यम.

आता तिसरं टोक, जपान. युद्धानंतर जपानलाही गाड्या नीट बनवायला शिकायचं होतं. निस्सानने १९५२ मध्ये इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला, आधी ऑस्टिन ए-४० आणि मग ए-५० जुळवली, नंतर सगळे भाग स्वतः बनवायला लागले. त्या ए-५० मध्ये १४८९ सीसीचं इंजिन होतं. मंडळी, हा आकडा लक्षात ठेवा. हेच ब्रिटिश इंजिन पुढे आपल्या अॅम्बॅसडरमध्ये आलं आणि तीसएक वर्षं तिथेच ठाण मांडून बसलं. इसुझूने १९५३ मध्ये इंग्लंडच्याच रूट्स कंपनीकडून हिलमन मिंक्सचा परवाना घेतला. म्हणजे भारत आणि जपान एकाच शाळेत, जवळजवळ एकाच वर्गात बसले होते. निस्सानने धडा गिरवला, वही बंद केली आणि स्वतःचं इंजिन काढलं. १९६६ च्या सनीमध्ये ते ९८८ सीसीचं होतं. १९७० मध्ये ते वाढवून ११७१ सीसीचं केलं. त्याचं नाव ए-१२.

हे ए-१२ घेऊन डॅटसन १२०वाय आयर्लंडमध्ये आली. नेमकी वेळ बघा: १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आखडलं, पेट्रोल महागलं, पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी कमी पिणारी, सकाळी पहिल्या हिसक्याला सुरू होणारी छोटी गाडी कोणाला नको होती? त्याच वर्षी टिम महोनी यांनी टोयोटाची आयर्लंडची एजन्सी घेतली. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, त्यांनी १२०वाय आठ वर्षं चालवली. ते म्हणतात, इंग्लिश गाडीत रेडिओला वेगळे पैसे, हीटरला वेगळे पैसे, आणि एवढं देऊनही पावसात बंद पडणार ती पडणारच. जपानी गाडीत सगळं किमतीत. फक्त पत्रा... इथे ते हात हलवतात. तो पत्रा या ओल्या हवेत आणि हिवाळ्यातल्या रस्त्यावरच्या मिठात असा गळून पडायचा की इंजिन धडधाकट आणि भोवती गाडीच नाही, अशी अवस्था.

इंजिन उरतं आणि गाडी विरते. इंजिन बदलण्याच्या साऱ्या विद्येचं एक मूळ इथे आहे. दुसरं मूळ कुर्ल्याला सापडतं, आणि ते बरोबर उलटं आहे. आपल्याकडे गाडीचा पत्रा टिकायचा, कारण तो ठोकून, जोडून, रंगवून टिकवला जायचा. इंजिन मात्र झिजून झिजून बोअर करायलाही जागा उरायची नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि जपानी इंजिन म्हणजे काय ते मुंबईच्या रस्त्यावर सगळ्यांना कळलं. प्रीमियरला काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी जे केलं ते कारखान्याच्या पातळीवरचं इंजिन बदलणंच होतं. स्पेनच्या सेआट कंपनीची एक जुनी गाडी होती, मूळची इटलीची फियाट १२४. तिचे साचे प्रीमियरने आणले, आणि त्या इटालियन-स्पॅनिश अंगात निस्सानचं ए-१२ इंजिन आणि निस्सानचाच गिअरबॉक्स बसवला. १९८५ ची प्रीमियर ११८एनई. तुमच्यापैकी कोणाच्या तरी काकांकडे नक्की असणार, पांढरी किंवा ती फिकट निळी.

हे मी शेजारच्या आजोबांना सांगितलं आणि फोटो दाखवला. ते फोटोकडे बघत म्हणाले, “ही तर लाडा!” बरोबरच आहे. रशियाने तीच फियाट १२४ घेऊन व्होल्गाकाठी तोल्याट्टीला कारखाना काढला होता, आणि त्या लाडा ऐंशीच्या दशकात स्वस्त म्हणून आयर्लंडमध्येही विकल्या जात. मग मी म्हटलं, पण आत तुमच्या डॅटसनचं इंजिन आहे. आजोबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, असं कोणीतरी इथे तेव्हाच करायला हवं होतं.

कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यालाही हेच झालं. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा काढली. अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं, ऐटबाज, रुंद. इंजिन मात्र तेच जुनं १४८९ सीसीचं. पहिलवानाला चिमणीचं काळीज. काही वर्षांतच त्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं आणि काँटेसा खरी काँटेसा झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच इसुझू अॅम्बॅसडरमध्येही बसलं. ज्या ब्रिटिश इंजिनावर निस्सान शिकलं, त्याच्या जागी इसुझूचं आलं. शाळेतला वर्गमित्र मोठा साहेब होऊन परत आला आणि आपण अजून त्याच बाकावर, असं ते दृश्य होतं. आम्हाला लहानपणी याचं काही दुःख वाटलं नाही. आम्ही काँटेसा दिसली की धावत सुटायचो.

कारखाने करत होते तेच गॅरेजवाले करत होते, फक्त कागदपत्रांशिवाय आणि एका रात्रीत. जीपमधलं पेट्रोलचं इंजिन काढून मॅटॅडोरचं डिझेल बसवणारे मिस्त्री तुम्हाला नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत भेटले असते. कारण सरळ होतं. डिझेल स्वस्त होतं, आणि तालुक्याच्या गावी जीप म्हणजे बारा-पंधरा माणसांची बस होती. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनींचं तेच. आधी डिझेल, मग उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. एकाच गाडीने तीन इंधनं पाहिली. त्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. बाबांनी त्या दिवशी फोन केला नाही, आणि मीही केला नाही.

बाबांनी स्वतः केलेली एक अदलाबदल त्यांना अजून तोंडपाठ आहे. अपघातात मागून चेपलेल्या ११८एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांनी एका पद्मिनीत बसवला. पद्मिनीचं स्वतःचं इंजिन १०८९ सीसीचं, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. एनईचा दांडा खाली, दोन सीटच्या मध्ये. म्हणजे नुसतं इंजिन बसवून भागत नाही. जमिनीचा पत्रा कापून दांड्याला भोक पाडायचं. चेंबर पुढच्या आडव्या लोखंडावर बसतो का बघायचं, बसतोच. मग चेंबर कापून पुन्हा वेल्ड करायचा आणि आतल्या ऑइल उचलणाऱ्या नळीची उंचीही बदलायची. ती विसरलात तर पहिल्याच घाटात इंजिन कोरडं पडून जाम. इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी उशांवर ते टेकतं त्यांचे ब्रॅकेट, नव्याने करायची. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळत नाही, तो लेथवाल्याकडे न्यायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तेव्हा आणि आताही भंगारातून सुटे भाग मिळतात; तिथे एक चक्कर झाली की दिवस गेला. हे सगळं सांगून बाबा शेवटी म्हणतात, “आणि ब्रेक.” ब्रेकबद्दल पुढे बोलू.

‘जुगाड’ हा शब्द बाबांना आवडत नाही. मलाही नाही. तो हल्ली इंग्रजी पुस्तकांत कौतुकाने वापरतात. बाबांच्या मते जुगाड म्हणजे उद्या सकाळपर्यंत टिकणारं काम. त्यांनी केलेली पद्मिनी अकरा वर्षं चालली.

आता पुन्हा आयर्लंड, नव्वदचं दशक. इथे दोन-तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. १९९५ ते १९९७ सरकारने योजना काढली: दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढा, नवीवर हजार पौंड सूट घ्या. २००० च्या जानेवारीपासून एनसीटी म्हणजे गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. जुन्या स्टारलेट, कोरोला, सनी हजारोंनी चुरडल्या गेल्या. म्हणूनच आज गवताच्या गासड्यांखालची एक गाडी मिळाली की पोरं लॉटरी लागल्यासारखी नाचतात.

आणि त्याच वेळी जपानहून वापरलेल्या गाड्यांचे कंटेनर यायला लागले. जपानमध्ये नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची, खर्चिक तपासणी असते, तिला ‘शाकेन’ म्हणतात. त्यामुळे तिथले लोक धड असलेली गाडीही लवकर काढून टाकतात. जपान डाव्या बाजूने चालतं, आयर्लंडही. स्टिअरिंग उजवीकडे. गाडी उतरवा आणि चालवा. काही वेळा अख्खी गाडीही नाही, नुसता पुढचा अर्धा भाग कापून पाठवतात: इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं जोडलेलं. त्याला ‘हाफ-कट’ म्हणतात. बाबांना हा शब्द ऐकून फार आनंद झाला. त्यांच्या पिढीतलं ‘हाफ इंजिन’ वेगळं होतं, पण नातं जुळलं.

या सगळ्यात एक गाडी इथे देवघरात जाऊन बसली. १९८३ ते १९८७ दरम्यान बनलेली टोयोटा कोरोला, मागच्या चाकांवर चालणारी, कारखान्याचा कोड एई-८६. जगात तिला ‘हाची-रोकू’ म्हणतात, जपानीत आठ-सहा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या शुइची शिगेनोंच्या चित्रमालिकेने ती जगभर गाजवली. आयरिश माणूस मात्र त्याआधीपासून आणि आजही तिला फक्त ‘ट्विनकॅम’ म्हणतो. वर दोन कॅमशाफ्ट असलेली इंजिनं हल्ली बहुतेक सगळ्या गाड्यांत असतात, पण मलिंगारच्या पेट्रोल पंपावर ‘ट्विनकॅम’ म्हटलं तर एकच गाडी. ग्रामीण आयर्लंडमध्ये रॅलीचं वेड मोठं. अरुंद रस्ते, दोन्हीकडे कुंपणं, मध्ये गवत उगवलेलं. तिथे ही हलकी, मागून ढकलणारी गाडी शोभली. पुढे ड्रिफ्टिंग आलं, किल्डेअरच्या माँडेलो पार्कमध्ये, जो ट्रॅक १९६८ पासून आहे. कॉर्कचा जेम्स डीन अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये २०१७, २०१८, २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं विजेता झाला. पन्नासेक लाख वस्तीच्या देशातून. त्यामुळे इथला प्रत्येक दुसरा मुलगा स्वतःला पुढचा डीन समजतो, आणि त्याची आई रात्री जागी असते.

त्या ट्विनकॅमचं इंजिन म्हणजे फोर-ए-जी-ई. प्रत्येक सिलिंडरला चार वाल्व्ह, वरचा भाग यामाहाच्या मदतीने घडवलेला. हेच इंजिन टोयोटाने पुढे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतही आडवं बसवलं. ट्विनकॅमची किंमत आज विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर, पण ते आडवं इंजिन त्यामानाने स्वस्त. म्हणून आयरिश पोरांनी जुन्या स्टारलेटमध्ये ते उभं करून बसवायला सुरुवात केली. गाडी लहान, मागच्या चाकांवर चालणारी, इंजिन तगडं. आमच्या शेडमध्ये हेच चाललंय.

आडवं इंजिन उभं करायचं म्हणजे बाबांच्या पद्मिनीचीच यादी, फक्त आकडे वेगळे. चेंबरचा आकार बदलतो. पाण्याचे नळ चुकीच्या टोकाला येतात. जे वीस वाल्व्हचं इंजिन आहे त्यात ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असतो, आणि तो थेट फायरवॉलवर आपटतो; फायरवॉल म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्यामधला पत्रा. मुलाने सोळा वाल्व्हचं घेतलं, त्यामागे हे एक कारण. गिअरबॉक्स ट्विनकॅमचाच लागतो, टी-५० नावाचा, आणि तो शोधण्यात चार महिने गेले. मग वायरिंग. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन बसवायचं म्हणजे संगणक हवा, जास्त दाबाचा पेट्रोल पंप हवा, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी हवी. इथे बाबा थांबतात. वायरिंगला त्यांच्याकडे उत्तर नाही. ते सरळ म्हणतात, “हे मला येत नाही, हे तू मला शिकव.” मी या घरात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

आता ब्रेक.

आयर्लंडमध्ये चाळीस वर्षांहून जुनी खासगी गाडी एनसीटीतून सुटते. तीस वर्षांपुढच्या गाडीला वर्षाचा रस्ताकरही फक्त ५६ युरो. या सवलती जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी आहेत आणि चांगल्या आहेत. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ काय? एक एकोणीस वर्षांचा मुलगा, अडीच पट ताकद, १९८२ चा पत्रा, मागे ड्रम ब्रेक, आणि कोणीही सरकारी माणूस ती गाडी तपासणार नाही. हे मला जेव्हा समजलं तेव्हा मी शेडला कुलूप लावलं. खरंच लावलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास कळली. मुलाला मागचा डिफरन्शियल वेल्ड करून घ्यायचा होता. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. डिफरन्शियल ते सांभाळतो. तो वेल्ड केला की दोन्ही चाकं एकत्र जखडतात आणि गाडीचा मागचा भाग हवा तसा घसरवता येतो. इथे रात्री चौकात टायर जाळत गोल गोल फिरायचा जो प्रकार चालतो, त्याला ‘डिफिंग’ म्हणतात ते त्यावरूनच. रस्त्यावर पडलेली ती काळी वर्तुळं तुम्ही पाहिली असतील. त्या वर्तुळांच्या कडेला कधी कधी फुलं ठेवलेली असतात, तीही पाहिली असतील.

मी बाबांना सांगितलं की आता तुम्हीच बोला. त्यांनी डिफरन्शियलचं नाव घेतलं नाही. त्यांनी ती पद्मिनीची गोष्ट पुन्हा सुरू केली, आणि या वेळी जो भाग ते नेहमी गाळतात तो सांगितला. एनईचं इंजिन बसवल्यावर गिऱ्हाईक घाईत होतं. बाबांनी ब्रेक पुढच्या आठवड्यात करू म्हणून गाडी दिली. तीन दिवसांनी ती सायनच्या उतारावर थांबली नाही. कोणी गेलं नाही. एका भाजीवाल्याचा पाय गेला. बाबा दर महिन्याला त्याच्या घरी पैसे देऊन यायचे, हे मला माहीत होतं. का, ते त्या दिवशी कळलं. मी छत्तीस वर्षं समजत होते की तो आमचा कोणी लांबचा नातेवाईक आहे.

मुलाचं मराठी जेमतेम आहे. पण त्याने मला एकही शब्द विचारला नाही.

मंडळी, आता थोडं व्यवहाराचं, कारण मागच्या भागानंतर दोन पालकांनी हेच विचारलं होतं. इंजिन बदललं की ते नोंदणीत कळवावं लागतं. गाडीच्या कागदावर एक इंजिन आणि आत दुसरं, असं चालत नाही. आपल्याकडेही तेच आहे: आरसी पुस्तकावर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनमानी बदलांना मनाई करतं. विमा कंपनीला बदल न सांगता घेतलेला विमा अपघाताच्या दिवशी कागदाचा तुकडा ठरू शकतो. बदललेल्या गाडीसाठी विमा कंपन्या बहुधा स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल मागतात. तो अहवाल देणारा माणूस गाडी उचलून खालून बघतो, वेल्डिंगवर टॉर्च मारतो, ब्रेकच्या नळ्या हाताने तपासतो. सरकारने माफ केलेली तपासणी तुम्ही पैसे देऊन करून घेता. आमच्या घरी शेडची किल्ली या एका अटीवर परत मिळाली.

सध्या इंजिन जागेवर बसलं आहे. फाउंडेशनचे ब्रॅकेट मुलाने स्वतः केले. आधी पुठ्ठ्याचे कापले, त्यांचे फोटो बदलापूरला गेले, बाबांनी दोन ठिकाणी लाल पेनने खुणा करून परत पाठवले, मग पत्रा कापला. शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी चेन-पुली दिली आणि इंजिन उतरवताना “हळू, हळू” असं मराठीत म्हटलं. हा शब्द त्यांनी आमच्याकडून कधी उचलला, कोण जाणे. पुढचे ब्रेक मोठ्या डिस्कचे झाले. मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क येणार आहेत. डिफरन्शियल वेल्ड केलेला नाही.

मागच्या रविवारी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. सायलेन्सर अजून अर्धाच आहे, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना ते कळलं. फोन इंजिनापाशी धरला होता. बदलापूरला रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाबा बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, “तिसऱ्या सिलिंडरचा वाल्व्ह बोलतोय. बंद कर, थंड होऊ दे, उद्या बघ.”

दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिसरा नव्हता, चौथा होता. मागच्या डिस्क पोस्टात अडकल्यात, त्या आल्या की इंजिनिअरची वेळ घेऊ. पुढचा भाग नेहमीच्या वेळी. भेटू.